घाटाखालची वीज आणि छपरावरचे ऊन

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत उभे राहून खंडाळ्याच्या बाजूला पाहिले, की डोंगराच्या अंगावरून सरळ खाली उतरणारे जाडजूड पोलादी नळ दिसतात. वर लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाचे पाणी अडवलेले आहे. ते या नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली कोसळते, पायथ्याच्या वीजगृहातली चक्रे फिरवते आणि पाताळगंगेला जाऊन मिळते. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते या कामाची कोनशिला बसली. जमशेटजी टाटांचे हे स्वप्न त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र दोराबजी यांनी पुरे केले. फेब्रुवारी १९१५ मध्ये नवे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली.

पुढची पायरी कर्जत तालुक्यात पडली. आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. १९२७ मध्ये दक्षिणेकडे भिऱ्याचे वीजगृहही त्यात सामील झाले. मुंबईच्या गिरण्यांची दगडी कोळशावरची भिस्त कमी झाली, शहरात ट्राम आणि दिवे वाढले, आणि त्यामागचे बळ सह्याद्रीच्या या कड्यांवरून येत होते.

या विजेची किंमत घाटावरच्या मावळातल्या शेतकऱ्यांनी जमिनी देऊन चुकवली. भिऱ्यासाठी पाणी अडवायचे म्हणून मुळशीत जमिनी बुडणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. घाटाखाली मात्र काही पदरातही पडले. भिवपुरीचे चक्र फिरवून झालेले पाणी वाया गेले नाही. राजनाला कालव्यावर कर्जतच्या कितीतरी गावांनी पावसाळ्यानंतर दुसरे भात घेतले, आणि खोपोलीच्या पाण्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती राहिली. पाणी गावाला मिळाले. वीज मात्र उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून गावांच्या डोक्यावरून निघून गेली. मनोरे शेतात उभे होते आणि त्याच शेताच्या बांधावरच्या घरात रॉकेलची चिमणी जळत होती.

ही विसंगती सर्वांत तीव्रतेने १९४२ मध्ये समोर आली. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी ‘चले जाव’ चळवळीत आझाद दस्ता हे भूमिगत पथक उभारले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवणाऱ्या या माणसाला या विजेचा प्रवास नेमका ठाऊक होता. मुंबईतले कारखाने युद्धाचा माल तयार करतात आणि त्यांना चालवणारी वीज आपल्या डोंगरातून जाते, हे ओळखून दस्त्याने रात्रीच्या अंधारात उच्चदाबाचे मनोरे कापून पाडायला सुरुवात केली. सरकारने दस्त्यातल्या लोकांना पकडण्यासाठी बक्षिसे लावली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडच्या सिद्धगडावर पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. हा इतिहास कर्जत-खालापूरच्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांपुरता उरू नये. वीज कुठे तयार होते, कोणाच्या मालकीची असते आणि कोणाच्या उपयोगाला येते, हा प्रश्न या तालुक्यांनी देशात फार लवकर पाहिला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि वीज हळूहळू गावांत उतरू लागली. आधी बाजारपेठेची गावे, मग रस्त्याकडेची, मग डोंगराकडेची. ठाकर आणि कातकरी वाड्यांपर्यंत खांब पोहोचायला त्याहून कितीतरी वर्षे लागली. गरिबांसाठी १९८८-८९ मध्ये केंद्राने कुटीर ज्योती योजना आणली. त्यात घराला एका दिव्याची जोडणी मिळे. २०१७ मध्ये सौभाग्य योजनेने उरलेल्या घरांना जोडणी देण्याचा धडाका लावला. या दोन्ही योजनांमध्ये गरिबांना जोडणी फुकट होती, वीज नव्हती. पहिले बिल आले की हा फरक कळत असे. बिल थकले की थकबाकी वाढे, आणि शेवटी जोडणी तोडायला वायरमन दारात येई.

छपरावरच्या सौर पॅनेलची योजना या साखळीतली पुढची कडी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली. उद्दिष्ट १ कोटी घरांचे आणि तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. मार्च २०२५ पर्यंत देशात १० लाखांहून अधिक घरांवर संच बसले होते. योजनेच्या नावात मोफत आहे ती वीज. पॅनेलसाठी सरकार अनुदान देते: पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. बाकीची रक्कम घरमालकाने भरायची. ती नसेल तर बँका तारण न घेता कर्ज देतात. अनुदान संच बसून तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. फुकट पॅनेल बसवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या माणसाचा या योजनेशी संबंध नसतो, हे पहिल्यांदा पक्के करून घ्यावे.

मग घरमालकाचा फायदा होतो का? उत्तरासाठी महावितरणचे बिल वाचायला हवे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये होता, तर १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये. दोन्हींवर १.१७ रुपये वहन आकार. शिवाय सुमारे सव्वाशे रुपयांचा स्थिर आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घराचे बिल यावरून २,८०० रुपयांच्या आसपास जात होते. त्याच काळात ९० युनिटवाल्याचे ७६० च्या घरात राहत होते. वापर अडीच-पावणेतीन पट, बिल जवळजवळ चौपट.

या २५० युनिटांच्या घरावर २ किलोवॉटचा संच बसला, तर वर्षभराच्या सरासरीने महिन्याला २०० ते २४० युनिट वीज तयार होते. त्यातली महाग टप्प्यातली युनिटे आधी वाचतात, म्हणून बिल काहीशे रुपयांवर येते. सरकारने धरलेल्या मूळ किमतीप्रमाणे २ किलोवॉटला १ लाख रुपये लागतात आणि अनुदान ६०,००० मिळते. प्रत्यक्षात उंच सांगाडा, लांब वायर आणि पक्की बांधणी यांमुळे खर्च याहून वाढतो. तरीही अशा घराचे पैसे तीन-चार वर्षांत निघतात, आणि पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. पक्क्या स्लॅबचे घर, मध्यम कुटुंब, फ्रिज, पाण्याची मोटर आणि दिवसभर घरात माणसे, असे ज्याचे चित्र आहे त्याच्यासाठी हा सौदा चांगला आहे.

कमी वापराच्या घराची गोष्ट वेगळी. ज्याचे बिलच पाचशे रुपयांचे आहे, त्याच्या हाती एकरकमी पैसा नसतो, आणि वर्षाला वाचणारी रक्कम पाहून बँकेच्या पायऱ्या चढायला तो तयार होत नाही. हे ओळखून राज्य सरकारने २०२५ मध्ये १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी वेगळी योजना आणली. १ किलोवॉटच्या संचाचा खर्च ५०,००० धरला. केंद्राच्या ३०,००० वर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याचे १७,५०० मिळतात आणि कुटुंबाला २,५०० रुपये भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाचा वाटा ५,००० रुपये आणि सर्वसाधारण ग्राहकाचा १०,००० रुपये. कुटीर ज्योतीच्या तुलनेत ही मोठी झेप आहे: दिव्याची जोडणी देऊन थांबण्याऐवजी घराला वीज तयार करण्याचे साधनच मिळते.

पण वाडीतल्या घराला स्लॅब असतो का? इथे कर्जत-खालापूरचा पाऊस आणि छप्पर मध्ये येतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पावसात कौलारू छपरे आणि जुनाट पत्रे पॅनेलचे वजन आणि वाऱ्याचा ताण किती पेलतील, याचा विचार आधी व्हायला हवा. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. आंबा, फणस आणि नारळाच्या सावलीत राहणाऱ्या घराला ती सहज सापडत नाही. गळती थांबवण्यासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड टाकायची इथली रीत आहे. त्या शेडवर पॅनेल चढवायचे तर तिचे खांब आणि बोल्ट आधी तपासावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात पत्रे आणि विजेचे खांब कसे उडवले, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

अशा वादळात लाइट गेली की आणखी एक गोष्ट समोर येते, आणि ती बहुतेकांना पॅनेल बसवल्यावरच कळते. महावितरणच्या तारेशी जोडलेला साधा संच तारेतला प्रवाह गेला की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण म्हणून लाइट गेल्यावर छपरावर पॅनेल असलेले घरही शेजाऱ्याइतकेच अंधारात राहते. पाऊस सुरू होताच झाड पडून लाइट जाणाऱ्या गावात उजेडाची खात्री हवी असेल, तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा लागतो.

ढगाळ दिवसांची काळजी मात्र फारशी नको. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तारेत दिलेल्या आणि तारेतून घेतलेल्या विजेची वजावट करणाऱ्या पद्धतीत, जादा युनिटे खात्यात जमा राहतात आणि हिशेब ३१ मार्चला संपतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमा झालेली युनिटे आषाढ-श्रावणात वापरता येतात. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मात्र ग्राहक भरतो त्यापेक्षा खूप कमी दर मिळतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात काही हाशील नाही. नेरळ-कर्जत भागातल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांना याच कारणाने फायदा मोठा होत नाही. बारमाही राहणाऱ्यालाच खरी बचत होते. इमारतींमध्ये गच्ची संस्थेची असते. तिथे सामायिक दिवे, लिफ्ट आणि पंपांसाठी संस्थेला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

खरोखर एक रुपयाही न भरता पॅनेल बसवायचा मार्गही योजनेत आहे. त्यात गुंतवणूक कंपनी किंवा वीज वितरण संस्था करते, किमान पाच वर्षे संच तिच्या मालकीचा राहतो आणि नंतर तो घरमालकाकडे येतो. तोवर छप्पर घरमालकाचे आणि संच दुसऱ्याचा. इथे करारातली कलमे शब्दन् शब्द वाचण्याला पर्याय नाही: युनिटचा दर किती, घर विकले तर काय, छपराची दुरुस्ती कोण करणार, पाच वर्षांनी संच हाती येताना त्याची देखभाल कोणाकडे.

भिवपुरीकडे उद्योगांचे लक्ष पुन्हा वळले आहे. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला. त्यातला १,००० मेगावॉटचा प्रकल्प भिवपुरीचा आहे. दिवसा स्वस्त मिळणाऱ्या सौरविजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची, असा त्याचा हिशेब. शंभर वर्षांपूर्वी या डोंगरांतले पाणी शहराकडे निघालेल्या विजेचे साधन झाले. आता सूर्याची वीजही इथेच साठवली जाणार आहे. फरक इतकाच, की या वेळी गावातल्या घरालाही स्वतःच्या छपरावर उत्पादक होता येते, आणि ही संधी १९१५ किंवा १९२२ मध्ये इथल्या कोणालाही नव्हती.

म्हणून योजना घरमालकाच्या हिताची आहे, हे स्पष्टपणे म्हणायला हवे. तिचा लाभ मिळायचा तर मालकी, छप्पर आणि वापर या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. अर्ज करण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून सरासरी युनिटे काढावीत, छप्पर जाणकाराकडून पाहून घ्यावे आणि राष्ट्रीय पोर्टलवर नोंद असलेल्याच पुरवठादाराशी लेखी करार करावा. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी त्याच्यावर आहे, ती कागदावर आली आहे ना, हेही पाहावे. कर्जत-खालापूरच्या ग्रामपंचायतींना एक विनंती: वाड्यांतल्या २,५०० आणि ५,००० रुपयांच्या वाट्याचे अर्ज गावाने एकत्र भरून घ्यावेत, छपरांची पाहणी एकदाच करून घ्यावी, आणि ज्यांची छपरे पॅनेल पेलत नाहीत त्यांची यादी घरकुल योजनेच्या कामाशी जोडावी. मनोरे ज्यांच्या शेतातून गेले, त्या घरांचा पहिला नंबर या योजनेत लागला पाहिजे.