गाडीची पारख कोणी करायची?

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की यात इतिहास कुठला? नवी गाडी आली की तिचं परीक्षण येतं. कोणीतरी ती चालवून बघतो, ॲव्हरेज सांगतो, डिकीत किती बॅगा बसतात ते सांगतो आणि आपण त्यावरून मत बनवतो. पण अशी परीक्षणं आपोआप सुरू होत नाहीत. त्यासाठी आधी ग्राहकाला निवड करता आली पाहिजे, आणि बनवणाऱ्याला ग्राहकाच्या मताची थोडी तरी पर्वा असली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची वानवा होती. त्या काळात गाडी कोण पारखत होतं, आणि निवड आल्यावर त्या पारखीचं काय झालं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आधी थोडं बाहेर बघू. इंग्लंडमध्ये 'द ऑटोकार' हे साप्ताहिक १८९५ साली निघालं आणि १९२८ पासून त्यांनी ठरावीक पद्धतीनं गाड्यांच्या रस्त्यावरच्या चाचण्या छापायला सुरुवात केली. अमेरिकेत १९३६ साली 'कन्झ्युमर्स युनियन' स्थापन झाली. तिचा नियम साधा होता : जाहिराती घ्यायच्या नाहीत, आणि वस्तू दुकानातून स्वतःच्या पैशानं विकत आणून तपासायची. मुंबईसुद्धा यात फार मागे नव्हती. मोटारवाल्यांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ मधली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा होता त्याला निवड होती. अर्थात असे लोक मूठभर.

स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून इथं गाडी जोडायची, हे चालणार नाही. गाडी इथंच बनली पाहिजे, असं सरकारनं ठरवलं. त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. परकीय चलन कमी होतं आणि कारखानदारी उभी करायची होती. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनं इथलं काम बंद केलं. मोटारींमध्ये मुख्यतः तीन नावं उरली : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपल्या कुर्ल्याची, वालचंद हिराचंदांची प्रीमियर. दुचाकींमध्ये बजाजला १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळाला. पुढे इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीतून 'चेतक' बाहेर पडू लागली.

आता यात ग्राहक कुठे होता? तो रांगेत होता. मोटारींच्या वाटपासाठी आणि विक्रीसाठी १९५९ साली सरकारी नियंत्रण आदेश निघाला, स्कूटरसाठी १९६० मध्ये. पोस्टाच्या बचत खात्यात अनामत ठेवायची, विक्रेत्याकडे नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. सरकारी नोकरांचा कोटा वेगळा. परदेशातला नातेवाईक परकीय चलनात पैसे भरणार असेल तर त्याची रांग वेगळी. 'नंबर लागला' हा वाक्प्रचार आपल्या पिढीत नोकरीसाठी, फ्लॅटसाठी, गॅससाठी वापरला जायचा, तसाच तो स्कूटरसाठीही होता. लग्नाच्या बैठकीत स्कूटरचा नंबर हा बोलण्याचा विषय असे. आणि नवी मिळत नसल्यामुळे वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची. अशा बाजारात 'ही घेऊ की ती घेऊ' हा प्रश्नच नव्हता. मग परीक्षण वाचणार कोण, आणि लिहिणार तरी कशासाठी?

तक्रारी मात्र भरपूर होत्या. इतक्या, की १९६७ मध्ये केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. गाडीची किंमत किती असावी हा वाद तर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये त्यावर निकाल आला. म्हणजे दुसरीकडे जे काम एखादं साप्ताहिक करत होतं, ते आपल्याकडे समिती आणि न्यायालय करत होतं! पुण्यात १९६६ साली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापन झाली. वेताळ टेकडीवर तिच्या प्रयोगशाळा उभ्या आहेत. पण ती उद्योगाची संस्था. तिथला अहवाल वाचून कोथरूडच्या कारकुनानं स्कूटर ठरवली, असं काही होणार नव्हतं.

तरीही लोकांना गाड्या कळत होत्या, आणि मला वाटतं आजच्यापेक्षा जास्त कळत होत्या. हे ज्ञान कुठं होतं? ते हातात होतं. चेतकबरोबर एक छोटी टूलकिट यायची. त्यात प्लग काढायचा बॉक्स पाना, तो फिरवायचा दांडा, एखादा स्क्रू ड्रायव्हर, एक-दोन पाने. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरणारच. इंजिन गार असताना स्कूटर एका अंगावर कलती करायची, का, तर कार्ब्युरेटरमध्ये थोडं जास्त पेट्रोल उतरावं. मग किक. नाही लागली, तर पाना घ्या, प्लग काढा, तारेच्या ब्रशनं घासा, फटीत पोस्टकार्डाची कड घालून अंतर बघा आणि परत बसवा. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पॉइंटही पॉलिश पेपरनं घासावे लागत. क्लचची केबल तुटली तर ती रविवारी घरीच बदलली जाई. मागे स्टेपनी असायची. चाकाची रिम दोन भागांची, बोल्ट काढले की उघडायची, त्यामुळे पंक्चर काढायलासुद्धा दुकानच गाठलं पाहिजे असं नव्हतं.

यातून काय व्हायचं, तर सोसायटीच्या आवारात एक चालतंबोलतं परीक्षण तयार व्हायचं. कुठल्या वर्षीच्या गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरतो, कुठल्या दुकानातली केबल सहा महिन्यांत तुटते, कुठला पाना पहिल्याच फेऱ्यात तोंड वासतो, हे सगळं माहीत असणारा एक जण प्रत्येक आळीत असायचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचंही तेच. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत तिचा कुठलाही तुकडा मिळायचा आणि कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री तो बसवायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कारखाना बंद झाल्यावरही ही गाडी इतकी वर्षं चालली, यात मोठा वाटा या मिस्त्रींचा होता.

पण इथं मला एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे. या काळाबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. ते ज्ञान हौसेपेक्षा नाइलाजातून आलं होतं. शिवाय ते प्रामुख्यानं पुरुषांच्या हातात राहिलं. १९७२ ची नगरला बनलेली लुना आणि त्यानंतर १९८४ मधली कायनेटिक होंडा या गाड्यांनी काय केलं ते आठवा. गिअर नाही, कलती करायची भानगड नाही, आणि कायनेटिक होंडा तर बटण दाबलं की सुरू. पुण्यातल्या कितीतरी बायका या गाड्यांवरून नोकरीला, कॉलेजला जाऊ लागल्या. ज्यांना पाना हातात धरायला कोणी शिकवलंच नव्हतं, त्यांना पाना लागणार नाही अशी गाडी मिळाली. हा बदल लहान नव्हता.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. 'टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा' अशा अर्थाची तिची जाहिरात तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. इतिहासाच्या दृष्टीनं ही जाहिरात मला फार महत्त्वाची वाटते, कारण गाडीकडे दुर्लक्ष करता येणं हा गुण म्हणून विकला जातोय! आणि वीस वर्षं प्लग घासून कंटाळलेल्या माणसाला तो गुण वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

१९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरची परवान्याची अट गेली. पाठोपाठ परदेशी कंपन्या आल्या. १९९८ मध्ये 'ओव्हरड्राइव्ह', १९९९ मध्ये 'ऑटोकार इंडिया' अशी मासिकं निघाली. आपल्या मराठी दैनिकांतही वाहनांची पानं आली. आता दोन गाड्या शेजारी-शेजारी ठेवून तुलना होऊ लागली. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, लिटरला किती किलोमीटर, मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा किती. ग्राहकाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं की बाबा, तुला काय हवंय? या परीक्षणांनी कंपन्यांना जाग आणली, हे मान्यच करायला हवं.

मात्र त्यांची एक मर्यादा होती. परीक्षणासाठी गाडी सहसा कंपनीकडूनच मिळते, काही दिवसांसाठी मिळते, आणि नवी कोरी असते. मालक ती दहा वर्षं वापरतो. सातव्या वर्षी दाराच्या खालच्या पत्र्याला गंज येतो का, हेडलाइटचा बल्ब बदलायला पुढचा बंपर काढावा लागतो का, एक सेन्सर बिघडला तर किती हजारांना पडतो, या गोष्टी चार दिवसांत दिसत नाहीत. आळीतल्या त्या माणसाला दिसायच्या. आता तोही नाही, कारण बॉनेट उघडलं की वर प्लॅस्टिकचं झाकण असतं.

आणि काही गोष्टी तर त्या माणसालाही दिसल्या नसत्या. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातल्याच एका गाडीची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली, तिला चार तारे मिळाले. लोक या गाड्या घरच्यांना घेऊन हायवेवर नेत होते. पस्तीस वर्षं रांग आणि वीस वर्षं निवड, तरी टक्कर झाली तर माझ्या मुलाचं काय होईल हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आपली स्वतःची भारत एनकॅप योजना सुरू झाली १ ऑक्टोबर २०२३ ला.

म्हणजे बघा, पारखीचे दोन भाग पडलेत. एक भाग प्रयोगशाळेनंच करायचा, तो आपल्या घरच्या पान्यानं होणार नाही. पण दुसरा भाग मालकाचा आहे आणि तो आपण सोडून दिला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच, इंजेक्शन आलं. हवा स्वच्छ राहायची तर ते गरजेचं होतं. पण त्यामुळे घरच्या मिस्त्रीची हत्यारंही बदलली. मोटारीच्या स्टिअरिंगखाली जोडायचा छोटा स्कॅनर आता बाजारात मिळतो, इंजिनचा लाल-पिवळा दिवा कशामुळे लागला याचा कोड तो दाखवतो. टॉर्क रेंच मिळतो, म्हणजे प्लग किंवा चाकाचा नट किती आवळायचा ते अंदाजावर सोडावं लागत नाही. या हत्यारांची परीक्षणं गाड्यांइतक्याच बारकाईनं व्हायला हवीत. स्कॅनर फक्त कोड वाचतो की पुसतोही, आपल्या गाडीशी बोलतो का, टॉर्क रेंचचा आकडा वर्षभरानंतरही खरा राहतो का, हे विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजला मिळावेत, हा त्यामागचा विचार. तो कागदावरून शोरूमपर्यंत यायचा असेल तर मागणी आपल्याकडून यावी लागेल.

२०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं. तिच्यात प्लग नाही, क्लचची केबल नाही, कलती करायची गरज नाही. मग विचारायचं काय? बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, ती संपल्यावर बॅटरी किती रुपयांना, तिचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो का, आणि तो कंपनीबाहेरच्या माणसाला बदलता येतो का. पुढच्या वेळी तुम्ही कुठलंही परीक्षण वाचाल तेव्हा हे प्रश्न त्यात आहेत का ते बघा. नसले तर शोरूममध्ये गाडीचं मॅन्युअल मागून घ्या आणि टेस्ट राइडच्या आधी दहा मिनिटं ते चाळा. विक्रेता थोडा गोंधळेल. गोंधळू द्या.

इथं थांबतो. तुमच्याकडे त्या काळातल्या नोंदणीच्या पावत्या, जुनी मॅन्युअल्स, टूलकिट्स असतील तर कृपया रद्दीत देऊ नका, या इतिहासाचे ते मूळ कागद आहेत. आता प्रश्न असतील तर घेऊ.