घरचं नेट बंद पडलं तर? मोबाईल डाटाचा बॅकअप असा लावा

दीपनगर (ता. भुसावळ) : औष्णिक वीज केंद्राची धुराडी आमच्या बांधावरून दिसतात. 500 मेगावॅटचे 2 संच डोळ्यासमोर आहेत. तरी वादळ आलं की फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम भागात लाईट जायची ती जातेच. लाईट गेली की वायफायचा डबा बंद. लाईट असली तरी गटारीच्या नाहीतर रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की नेट गेलंच समजा.

मागे केळीचा विमा भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी आमच्याकडची फायबर तुटली. मोबाईलवरून भरू म्हटलं, तर सिमही त्याच कंपनीचं. तिकडेही रेंज होती, पण नेट नव्हतं. शेवटी मोटारसायकल काढून भुसावळ गाठलं, तेव्हा रात्री अर्ज गेला. त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. पहिलं नेट ज्या कारणाने बंद पडतं, त्याच कारणाने दुसरंही बंद पडत असेल तर तो बॅकअप काही कामाचा नाही. खालची माहिती याच हिशोबाने दिली आहे.

आधी बिघाड ओळखा

फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. एकही दिवा नसेल तर वीज नाही किंवा अडॅप्टर गेला. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लागला असेल तर फायबर तुटली आहे किंवा निघाली आहे. डबा बंद-चालू करून उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवा. ‘पॉन’चा दिवा हिरवा आहे पण नेट नाही, तर डबा एकदा बंद-चालू करा. तरी आलं नाही तर बिघाड बहुतेक कंपनीकडे आहे किंवा रिचार्ज संपला आहे.

लाईटची सोय पहिली

खेड्यात निम्म्या वेळा नेट लाईटमुळे जातं. घरी इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्यावर घ्या. नसेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, साधारण 1000 ते 2000 रुपयांत. घेताना जुन्या अडॅप्टरवरचा आकडा बघून घ्या. बरेच डबे 12 व्होल्टचे असतात, काही 9 व्होल्टचे. चुकीचा लावला तर डबा जळेल. एक लक्षात ठेवा, गावातल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅटरी नसेल तर तुमच्या घरी वीज असूनही नेट येणार नाही. हे त्याला आधीच विचारून घ्या.

सिम कोणतं घ्यावं

फायबर ज्या कंपनीची, तिचं सिम बॅकअपला घेऊ नका. मोबाईल टॉवरलाही पुष्कळदा जमिनीखालून फायबरच आलेली असते. ती तुटली की घरचं नेट आणि टॉवर दोन्ही एकदम बसतात. दुसऱ्या कंपनीचं सिम घ्यायच्या आधी शेजाऱ्याचा नाहीतर पाहुण्याचा फोन घेऊन आपल्या घरात चालवून बघा. तेही रात्री 8 च्या सुमारास, कारण तेव्हा टॉवरवर गर्दी असते. सकाळी पळणारं नेट रात्री रांगतं.

सिम घेऊन कपाटात टाकू नका. 90 दिवस वापरच झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो.

जोडायचे 3 प्रकार

1) फोनचा हॉटस्पॉट : खर्च नाही. बहुतेक घरांना एवढं पुरतं. हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड घरच्या वायफायचाच ठेवा, म्हणजे लॅपटॉप, टीव्ही आपोआप जोडले जातील. मात्र त्या वेळी घरचा राऊटर बंद ठेवा, नाहीतर यंत्रं त्यालाच चिकटून बसतात. कॅमेरे लावले असतील तर हॉटस्पॉटला वेगळं नाव द्या. कॅमेरे डाटा पिऊन टाकतात. एकच लॅपटॉप असेल तर चार्जिंगच्या वायरने जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करा. नेट स्थिर राहतं, फोनही उतरत नाही.

2) सिम टाकायचा वेगळा डबा : डोंगल किंवा छोटा फोरजी राऊटर. फोन घेऊन घरातलं माणूस शेतात गेलं तरी घरी नेट राहतं. डबा टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा. पत्र्याच्या घरात मधोमध ठेवला तर रेंज अडते. बँकेला जोडलेला नंबर यात टाकू नका, ओटीपी त्या डब्यात जाऊन बसेल.

3) आपोआप बदलणारा राऊटर : यात फायबर आणि सिम दोन्ही जोडता येतात. फायबर गेली की तो स्वतः सिमवर जातो. दुकान, सेवा केंद्र, दवाखाना असेल तरच हा खर्च करावा.

डाटा पुरवून वापरा

दिवसाला 2 जीबीचा पॅक असेल तर व्हिडिओ कॉल तासाला साधारण 1 जीबी खातो. यूपीआय, फॉर्म भरणे, व्हॉट्सॲपवर लिहिणे याला फार थोडा लागतो. रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, मग साधं पानही उघडत नाही. म्हणून बॅकअपवर असताना टीव्ही बंद, फोनचे अपडेट बंद. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. हॉटस्पॉट चालू असलेला फोन उन्हात किंवा उशीखाली ठेवू नका.

महिन्यातून एकदा तपासा

महिन्याच्या पहिल्या रविवारी फायबरच्या डब्याचा प्लग काढा आणि 15 मिनिटं बॅकअपवर काम करून बघा. सिमला पॅक आहे का, पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत आहे का, यूपीएस किती वेळ टिकतो, सगळं तेव्हाच कळतं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आपण शेतात असलो आणि पोरीची ऑनलाईन परीक्षा असली तर तिला एकटीला हे जमलं पाहिजे.

शेवटचं, गावात खोदकाम निघालं तर ग्रामपंचायतीला आणि ठेकेदाराला ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपची आठवण द्या. केंद्र सरकारने ते मार्च 2023 मध्ये आणलं. खोदण्याआधी त्यावर कळवलं की खाली कोणाची वायर, कोणाची पाईपलाईन आहे ते समजतं. आणि फॉर्म असो की विमा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच्याइतका स्वस्त बॅकअप दुसरा नाही.