कोबीवरचा आळ

दादरच्या मंडईत कोबी निवडताना कोणीतरी हमखास बजावतं, ‘कच्चा खाऊ नका हो, मेंदूत किडा जातो.’ या भीतीचं मूळ कोबीत नाही. ते माणसात आणि डुकरात आहे.

डुकराचं मांस नीट शिजलं नाही, तर त्यातल्या बारीक फोडांतून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात येतो. फ्रीडरिश क्युखनमाइस्टर या जर्मन डॉक्टरने १८५५ मध्ये हे सिद्ध केलं, तेही देहदंडाच्या कैद्याला असं मांस खाऊ घालून आणि नंतर त्याचं आतडं तपासून.

मेंदूत मात्र हा जंत जात नाही, त्याची अळी जाते. जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी कोणाच्या पोटात गेली, की अळ्या रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत ठाण मांडतात. त्यामुळे मांसाला कधी न शिवलेल्यालाही हा रोग होतो. अळी वर्षानुवर्षं गप्प राहते. मरू लागली की भोवती सूज येते आणि माणसाला फीट येते. मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना येणाऱ्या फीटचं कारण हेच निघालं. डिक्सन आणि लिप्सकम यांनी १९६१ मध्ये ४५० रुग्णांचा अभ्यास छापला; त्यांतले बहुतेक भारतात राहून आलेले होते.

आपल्याकडे सीटी स्कॅन आला, तेव्हा फीटच्या रुग्णांच्या मेंदूत कडीसारखी छोटी गाठ दिसू लागली. ती टीबीची समजून क्षयाची औषधं दिली जात. पुण्याच्या आर. एस. वाडियांनी अशा रुग्णांवर १९८७ मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या नोशीर वाडियांनी अंगभर पसरलेल्या अळ्यांचे रुग्ण ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडले. आपोआप विरणाऱ्या त्या एकट्या गाठीचा उलगडा १९९१ मध्ये वेल्लोरच्या चँडी आणि राजशेखर यांनी केला: शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींत ही अळी निघाली.

‘कच्च्या भाज्या धुऊन खा’ हा डॉक्टरांचा सल्ला स्वयंपाकघरात पोचेपर्यंत दोष एकट्या कोबीच्या माथी आला. अंडी पानात उपजत नाहीत. मैलापाण्यातून चिकटतात, तशी ती कोथिंबिरीला आणि गाजरालाही चिकटतात. कोबीत वळवळणारी हिरवी अळी पतंगाची असते, आणि शिजलेल्या भाजीत पट्टकृमीची अंडी जगत नाहीत.

जवळचा धोका घरातच असू शकतो: पोटात जंत असलेला, शौचानंतर हात न धुता कणीक मळणारा माणूस. म्हणून रुग्ण सापडला की घरच्यांचीही शौचतपासणी करावी. जंत निघाला तर तो औषधाने जातो. एवढं टाळून नुसता कोबी बंद केला, तर अंड्यांचा उगम घरात तसाच राहतो.