अभियांत्रिकी अभिकल्पातील तडजोड आणि संगणकीय साधने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
तुळई जाड केली तर ती कमी वाकते, परंतु खर्च वाढतो. खर्च आटोक्यात ठेवला तर ती अधिक वाकते. अशी परस्परविरोधी उद्दिष्टे जवळपास प्रत्येक अभिकल्पात असतात. संगणकीय साधनांनी हा पेच कसा हाताळला, याचा इतिहास हा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यावा, या प्रश्नाचाही इतिहास आहे.

पार्श्वभूमी :
मूळचे अभियंता असलेले इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो (१८४८-१९२३) यांच्या नावाने 'पारेतो सीमा' ही संकल्पना ओळखली जाते. या सीमेवरील पर्यायांत एक उद्दिष्ट सुधारायचे तर दुसऱ्याची हानी सोसावीच लागते. अभियंते मात्र प्रत्येक उद्दिष्टाला भारांक देऊन सर्वांची एकच बेरीज करीत. या रीतीत दोन उणिवा होत्या. पर्याय पाहण्यापूर्वीच पसंती ठरवावी लागे. शिवाय सीमा आत वळलेली असल्यास त्या भागातील पर्याय कोणत्याही भारांकाने हाती लागत नसत.

कानपूर येथील संशोधन :
१९८५ मध्ये जे. डेव्हिड शॅफर यांनी अनेक उद्दिष्टांसाठी जनुकीय अल्गोरिदम वापरला. त्यात पर्यायांचा संपूर्ण समूह एकाच वेळी विकसित होत असे. १९९४ मध्ये आय.आय.टी. कानपूरचे एन. श्रीनिवास व कल्याणमय देब यांनी 'एनएसजीए' ही पद्धत मांडली. तिच्यातील क्रमवारीचे गणनकार्य समूहसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढू शके. देब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एनएसजीए-२' या पद्धतीने ते समूहसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात आणले. पर्याय सीमेवर विखुरलेले राहावेत यासाठी वापरकर्त्याने द्यावयाचा अंकही अनावश्यक ठरला. पुढे 'मॅटलॅब' व इटलीतील 'मोडफ्रंटियर' यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत किंवा तिचे रूप समाविष्ट झाले.

निष्कर्ष :
या प्रवासात निर्णयाचे स्थान बदलले. पसंती आधी आणि पर्याय नंतर, हा क्रम उलटला. किती खर्चाने किती कणखरपणा मिळतो, हे पाहून निवड करणे शक्य झाले. तथापि, कोणती उद्दिष्टे मांडायची हे संगणक ठरवीत नाही. धरणाच्या अभिकल्पात खर्च व वीजनिर्मिती मोजली आणि विस्थापितांना वगळले, तर त्यांची हानी कोणत्याही सीमेवर उमटणार नाही. म्हणून अभियांत्रिकीच्या अध्यापनात अल्गोरिदमइतकेच महत्त्व उद्दिष्टांच्या निवडीला दिले जाणे आवश्यक आहे.