मोत्यासोबत बाळापूर

रविवारी मोत्याला फिरायला कुठे न्यावं? नरनाळा बाद. ते १९९७ पासून अभयारण्य आहे, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर वाघांनाही लागतो (२०१८ मध्ये गीरचे सिंह त्यानेच मेले).

मग अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचं बाळापूर! मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा तिथला किल्ला औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने सुरू केला. तो १७०७ मध्ये लढाईत मेला आणि बांधकाम संपलं १७५७ मध्ये, एलिचपूरच्या नवाबाच्या हातून. आपली प्रोजेक्टं बरी म्हणायची :) किल्ल्यात आम्ही आळीपाळीने जाणार, मोत्या बाहेर.

नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. १६६५ चा पुरंदरचा तह करणारे हेच. दोन वर्षांनी बऱ्हाणपुरात वारले.

ऊन मात्र वऱ्हाडातलं. सकाळी सातलाच निघायचं, पाणी घ्यायचं. दगडावर तळहात टेकवत नसेल, तर मोत्याचे पंजेही भाजणार. मग सावली काय ती छत्रीतच.