बाळाची झोप : अफूच्या गोळीपासून आजपर्यंत

रात्रभर शांत झोपणारं मूल सहा-सात महिन्यांचं झालं, की कधी कधी एकाएकी मध्यरात्री उठून रडू लागतं. मग घरात तर्क चालू होतात. कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं दात येताहेत, तर कोणी आईच्या दुधालाच नावं ठेवतं. ही अडचण काही आजची नव्हे. माणसानं तिच्यावर कोणते उपाय केले, ते आज पाहू. त्यांतले काही उपाय मुलांच्या जिवावर बेतले होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं औषध घरोघर असे. ते म्हणजे काकवीत कालवलेली अफू! अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ खपे. त्यात मॉर्फिन होतं. मूल झोपे खरं, पण ती झोप नव्हे, गुंगी. भूक मरे, अंग वाळे आणि मात्रा चुकली तर मूल उठतच नसे. 1906 साली अमेरिकेत कायदा झाला आणि असे पदार्थ बाटलीवर छापणं भाग पडलं.

आपण तरी कुठं मागं होतो? मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देत. पण त्यांना बोल लावण्याआधी विचार करा. दिवसभर साच्यावर उभं राहायचं, मूल सांभाळायला माणूस नाही. मग ती माऊली काय करणार? 1931 सालच्या शाही मजूर कमिशनच्या अहवालातही या चालीची दखल घेतलेली आहे. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूतीच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. नुसता उपदेश करून भागत नाही, आईला सवड लागते, हे त्या काळानं शिकवलं.

अफू गेली आणि घड्याळ आलं. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी 1907 साली डनेडिन इथं मातांसाठी संस्था काढली. दर चार तासांनी पाजावं, रात्री पाजूच नये, असा त्यांचा दंडक. 1928 साली अमेरिकेचे वॉटसन यांनी तर मुलांना फार कुरवाळू नका, असं बजावलं. पुढं 1946 साली डॉक्टर स्पॉक यांनी आईबापांना धीर दिला, की तुमच्या समजुतीवर विश्वास ठेवा.

पण मुलं खरोखर झोपतात कशी? लंडनमध्ये मूर आणि उको या संशोधकांनी हेच पाहिलं व 1957 साली प्रसिद्ध केलं. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत न उठणं, ही त्यांची कसोटी. तीन महिन्यांपर्यंत शंभरातली सत्तर मुलं तिला उतरली, सहा महिन्यांपर्यंत त्र्याऐंशी. दहा मुलं मात्र वर्षभर उठतच राहिली. आणि गंमत अशी, की झोपू लागलेल्यांपैकी सुमारे निम्मी मुलं पुढं पुन्हा उठू लागली. बहुधा पाच ते नऊ महिन्यांच्या दरम्यान.

हाच तर पालथं पडण्याचा, बसण्याचा, रांगण्याचा काळ. रांगण्याच्या सुमारास रात्रीची जाग वाढते, असं पुढच्या निरीक्षणांतही दिसलं. शिवाय आई दिसेनाशी झाली की मूल आता घाबरतं. त्यात बाळाच्या झोपेचा फेरा तासाभराच्या आत-बाहेर असतो, मोठ्यांचा दीड तासाचा. म्हणून त्याला जाग वारंवार येते.

तेव्हा काय करावं? दिवसा त्याला भुईवर मनसोक्त रांगू द्यावं. रात्री रोज एकाच क्रमानं निजवावं, सपाट अंथरुणावर, उताणं. उठलं तर दिवा मंद, आवाज हलका. जरा थांबून, थोपटून पाहावं. लहानग्याला भूक लागली असेल तर मात्र पाजावंच. ताप असेल, दूध तोडलं असेल, वजन वाढत नसेल, तर दवाखाना गाठावा. झोपेचं औषध स्वतःच्या मनानं कधीही देऊ नये.

शिक्षकबंधूंनी हे पालकसभेत जरूर सांगावं. आणि घरच्या मंडळींनो, रात्रीची एखादी पाळी तुम्हीही घ्या. बाळ काही आठवड्यांत पुन्हा मार्गी लागेल. तोवर आईलाही झोप हवी ना!