चिखलदरा कोणाचा? वऱ्हाडातल्या थंड हवेची गोष्ट

वऱ्हाडात बर्फ दिसतो तो बर्फगोळ्याच्या गाडीवर, नाहीतर रसवंतीत. मी अकोल्याची. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरच्या टाकीतलं पाणीही कोमट होतं आणि मोबाइलवर मात्र स्वित्झर्लंडच्या रील सुरू असतात. लाकडी घरं, छपरावर हातभर बर्फ, उतारावरून सूं करत स्कीवर येणारी माणसं. "एकदा तरी जायचं" असं म्हणून आपण ती रील मैत्रिणीला पाठवतो आणि सुट्टीत जातो चिखलदऱ्याला.

अकोला सोडलं की अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. वळणं सुरू झाली की गाडीच्या काचा खाली होतात. एकदा आमचा ड्रायव्हर म्हणाला होता, "खालतं भट्टी अन् वरतं फ्रीज, ताई." चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. तिथे बर्फ पडत नाही, फार तर एखाद्या हिवाळ्यात गवतावरचं दव गोठल्याची बातमी येते. पण विदर्भाला थंड हवेचं ठिकाण म्हणून आठवतं ते हेच.

आता गंमत अशी आहे की आल्प्समधली ती स्कीची गावं आणि आपला चिखलदरा यांच्या इतिहासात एक पाहुणा कॉमन आहे: इंग्रज साहेब. दोन्हीकडे तो सुट्टी घालवायला आला. पण तो गेल्यावर डोंगर कोणाकडे राहिला, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे वेगळं आहे.

'शोध' लागायच्या आधी

चिखलदऱ्याबद्दल कुठेही वाचा, १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने या ठिकाणाचा शोध लावला, हे वाक्य भेटतंच. पण या जागेला लागूनच गाविलगड उभा आहे आणि तो बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला. म्हणजे 'शोध' लागायच्या चारशे वर्षं आधी इथे तट होते, तलाव होते, पहारे होते. गडाला नाव मिळालं ते त्याआधीपासून इथे म्हशी चारणाऱ्या गवळ्यांवरून, असं मानतात. आजही चिखलदऱ्याला जाऊन आलेला माणूस खवा घेऊन येतो, तो त्याच गवळ्यांच्या परंपरेतला. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं म्हणून 'कीचकदरा', ही गोष्ट तर त्याहून जुनी.

आणि या सगळ्यांच्या आधीपासून डोंगरात राहणारे कोरकू. त्यांची भाषा मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाली-मुंडारीची बहीण. त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेला बोलली जाणारी भाषा हीच. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसं.

इंग्रज इथे पहिल्यांदा आले ते सुट्टीसाठी नव्हेच. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन यांच्या फौजा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातल्या गाविलगडावर चालून आल्या. स्टीव्हनसनच्या सैन्याने अवजड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेकडे नेल्या, कारण गड त्या बाजूनेच फोडता येण्याजोगा होता. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडाचं राज्य भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेलं. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

मग वीस वर्षांनी रॉबिन्सन. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनं आली, अधिकारी आले. त्या अधिकाऱ्यांना आमचा उन्हाळा सोसेना. म्हणून वर बंगले झाले, कॉफीची झाडं लावली गेली. ती कॉफी आजही आहे. पॉइंटांना नावं पडली: हरिकेन, प्रॉस्पेक्ट. कोरकूंची नावं त्या पाट्यांवर आली नाहीत.

तिकडे, त्याच काळात

आता त्याच काळातल्या आल्प्समध्ये जाऊ. तेव्हाचं आल्प्समधलं खेडं रीलमधल्यासारखं नव्हतं. दगडाळ जमीन, चार गाई, सहा महिने बर्फ. हिवाळा म्हणजे सुट्टी नव्हे, कोंडवाडा. पोटापाण्यासाठी माणसं गाव सोडून जात. इंग्रज तिथे उन्हाळ्यात शिखरं चढायला येत आणि थंडी पडायच्या आत परत जात.

सेंट मॉरिट्झच्या योहान्स बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, अशी गोष्ट सांगतात. हिवाळ्यात येऊन बघा, ऊन नाही मिळालं तर खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत हललेच नाहीत. स्की ही वस्तू मुळात नॉर्वेकडची. १८९४ मध्ये शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल दावोसहून डोंगर ओलांडून स्कीवर आरोसाला गेला. एक दिवस शेकडो इंग्रज स्कीसाठी इथे येतील, असं त्याने लिहून ठेवलं. त्याला वाट दाखवणारे ब्रांगर बंधू दावोसचेच. १९२२ मध्ये म्यूरेन या गावात आर्नल्ड लन या इंग्रजाने आधुनिक स्लॅलम शर्यत आखली. म्हणजे सुट्टीची कल्पना पाहुण्यांची आणि डोंगर गावकऱ्यांचा.

हा 'गावकऱ्यांचा' शब्द नीट लक्षात ठेवा. मॅटरहॉर्नच्या पायथ्याला त्सेरमाट आहे. तिथे जुन्या रहिवासी कुटुंबांची एक संस्था असते, तिला बुर्गरगेमाइंडे म्हणतात. जंगल आणि कुरणं तिच्या सामाईक मालकीची. अलेक्झांडर झायलर या बाहेरून आलेल्या माणसाने त्सेरमाटची हॉटेलं जगप्रसिद्ध केली, तरी त्याला आपल्यात घ्यायला गावाने वर्षानुवर्षं झुंजवलं. आज ही संस्था स्वतः हॉटेलं चालवते आणि स्कीच्या लिफ्ट चालवणाऱ्या कंपनीत तिचा हिस्सा आहे. सगळं गोड आहे असं नाही. जमिनीचे भाव इतके चढलेत की अशा गावांत तरुणांना स्वतःचं घर परवडत नाही. पण पाहुण्याच्या पैशातला वाटा मागायला गावाच्या हातात कागद होता.

इकडे कागद कोणाकडे?

इकडे उलटं झालं. मेळघाटात उत्तम साग होता आणि सरकारला लाकूड हवं होतं. १८६० च्या दशकापासून इथलं जंगल राखीव होऊ लागलं. कोरकूंची फिरती शेती बंद पाडली गेली. जंगलात मजूर लागतात म्हणून वनग्रामं वसवली गेली. तिथे माणूस राहायचा, पण जमीन त्याच्या नावावर नसायची. मालकाचा मजूर झाला. स्वातंत्र्यानंतरही खातं तेच राहिलं. १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊंत मेळघाट होता. वाघ वाचायलाच हवा होता. पण त्यासाठी गाभ्यातली गावं उठली आणि त्यांतली काही खाली, आमच्या अकोटच्या बाजूला येऊन वसली. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला आमचं ऊन आलं.

१९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गाजल्या. नकाशा उघडून बघा. जिथे आपण मक्याचं कणीस खात पॉइंटवर सेल्फी काढतो, ती जागा आणि कुपोषणाची ती गावं एकाच तालुक्याच्या नकाशावर आहेत. एवढी वर्षं पर्यटन असूनही त्याचा पैसा दरीत उतरला नाही. हॉटेलात चादरी बदलणारा मुलगा कोरकू असतो, गल्ल्यावर मात्र बहुतेकदा आपल्यासारखाच खालून आलेला कोणीतरी बसलेला असतो.

आता तिथे हरिकेन आणि गोराघाट या पॉइंटांना जोडणाऱ्या ४०७ मीटरच्या काचेच्या स्कायवॉकची चर्चा असते. होऊ दे की. मला स्वतःला त्यावर चालायला आवडेल. फक्त त्याच्या तिकिटातला रुपया कोणाकडे जाणार, हा प्रश्न तिकीट काढतानाही विचारायचा आहे.

कारण मेळघाटात दुसरी वाटही निघाली आहे. परतवाड्याजवळ पायविहीर नावाचं छोटं, बहुतांशी कोरकू वस्तीचं गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाने अर्ज केला आणि २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. ते जंगल तेव्हा उजाड होतं. गावाने खड्डे खणले, झाडं लावली, चराई आवरली, पहारा ठेवला. सीताफळं धरली. ग्रामसभेने ती स्वतः विकायला सुरुवात केली आणि माल थेट मुंबईपर्यंत गेला. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना गावातच काम मिळू लागलं.

पायविहिरीत ना बर्फ आहे ना स्की. पण त्सेरमाटकडे जो कागद पिढ्यान्‌पिढ्या होता, तसाच एक आता या गावाकडे आहे. पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जाल तेव्हा राहायला, जेवायला, वाटाड्या घ्यायला आधी कोरकू घर शोधा. आणि हंगाम सीताफळाचा असेल, तर परतवाड्याला गाडी थांबवून फळं कोणत्या गावची आहेत ते विचारा.